स्पर्धा सौंदर्याची की आज्ञाधारकतेची?



२००३ सालची गोष्ट आहे. पॅरिसमध्ये चार अमेरिकन तरुणींसमोर एक प्रस्ताव ठेवण्यात आला. हिऱ्यांच्या दागिन्यांच्या जाहिरातीसाठी छायाचित्र काढायचे होते, अंगावर दागिन्यांखेरीज काही नसावे अशी अपेक्षा होती. चौघींपैकी दोघींनी होकार दिला. उरलेल्या दोघी, रॉबिन मॅनिंग आणि शॅनन स्टुअर्ट, श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. त्यांनी आपल्या धर्माचा आधार घेऊन नकार दिला. आजूबाजूला कॅमेरे फिरत होते. होकारही टिपला जात होता आणि नकारही. ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ या दूरचित्रवाणी स्पर्धेचे ते पहिले पर्व होते, आणि ते अंतिम टप्प्यात आलेले होते.

स्त्रीदेहाच्या बाजारीकरणावर भाषणे पुष्कळ होतात. बहुतेक भाषणांत निषेधाचा स्वर मोठा असतो आणि ज्या यंत्रणेचा निषेध करायचा तिची माहिती थोडी. म्हणून या व्याख्यानाने एकच पर्व हाती घेतले आहे. ही यंत्रणा आतून कशी चालते हे त्या नऊ भागांत जितके उघड दिसते तितके नंतरच्या सफाईदार पर्वांत दिसत नाही.

२० मे २००३ रोजी यूपीएन या अमेरिकन वाहिनीवर हे पर्व सुरू झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून निवडलेल्या दहा तरुणींना न्यूयॉर्कमध्ये एकत्र ठेवण्यात आले. दर आठवड्याला त्यांना काही काम दिले जाई, छायाचित्रे काढली जात, मग परीक्षक मंडळासमोर उभे राहावे लागे आणि शेवटी एकीला घरी जावे लागे. विजेतीला तीन गोष्टी मिळायच्या होत्या. विल्हेल्मिना या मॉडेल संस्थेशी करार, ‘मारी क्लेअर’ मासिकात छायाचित्रांची पाने आणि रेव्हलॉन या प्रसाधनांच्या कंपनीशी करार. जाहिरातीच्या जगात या तिन्ही नावांचे वजन मोठे. त्या वजनाच्या जोरावरच पुढचे सारे घडले.

स्पर्धेच्या जनक टायरा बँक्स या स्वतः नामांकित मॉडेल होत्या. कृष्णवर्णीय मुलीला या व्यवसायात किती दारे बंद असतात हे त्यांनी अनुभवले होते. १९९७ साली ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ मासिकाच्या जलपोशाख विशेषांकाच्या मुखपृष्ठावर एकटीने झळकणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरल्या. हे त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. व्यवसायाचे बंद दार सामान्य घरातल्या मुलींना उघडून दाखवावे, हा हेतू त्यांनी सांगितला आणि तो केवळ दिखाऊ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या दहा जणींत गोऱ्या होत्या, कृष्णवर्णीय होत्या, आणि रॉबिनसारखी भरल्या अंगाची तरुणीही होती, जिच्याकडे त्या काळची मोठी फॅशन मासिके ढुंकूनही पाहत नसत. तेवढ्यापुरते हे व्यासपीठ खरोखर उदार होते.

परंतु दार उघडणाऱ्याच्या हातातच किल्ली राहिली, तर आत येणाऱ्याला किती वाकावे लागेल हे किल्लीवालाच ठरवतो. या पर्वात कामांची जी चढण रचली होती ती पाहावी. आरंभी न्यूयॉर्कच्या थंडीत गच्चीवर पोहण्याच्या पोशाखात उभे केले गेले. पुढे एकदा साप हाताळत छायाचित्र काढायचे होते. कोणी केस कापून घेतले, कोणाला रूप बदलायला सांगितले. यांतले प्रत्येक काम स्वतंत्रपणे पाहिले तर मॉडेलच्या व्यवसायात अशक्य कोटीतले नाही. छायाचित्रकार थंडीत काम करवतात, प्राण्यांसोबतही करवतात. मात्र एका पायरीवर होकार दिला की पुढच्या पायरीवर नकार देणे अधिक अवघड होते. ‘इथवर आलीस, आता मागे का फिरतेस?’ हा प्रश्न मग कोणी मोठ्याने विचारण्याची गरज उरत नाही, स्पर्धक स्वतःच स्वतःला तो विचारू लागते.

एड्रियान करी ही इलिनॉय राज्यातील जोलिएट गावची मुलगी, तिने हॉटेलात वाढपिणीचे काम केले होते. स्पर्धेच्या काळात अन्नविषबाधा होऊन तिला रुग्णालयात जावे लागले, तरी ती स्पर्धेत टिकून राहिली आणि कार्यक्रमाने तिच्या चिकाटीचे कौतुक केले. चिकाटी होती हे खरेच. परंतु घरी परत जाऊन पुन्हा ताटल्या उचलायच्या की जगप्रसिद्ध प्रसाधनांच्या जाहिरातीत दिसायचे, अशी निवड समोर असेल तर आजारी शरीर ओढत नेण्यात चिकाटीचा भाग किती आणि निरुपायाचा किती, हा प्रश्न कॅमेऱ्याने विचारला नाही.

याच घरात एलिस स्यूएल नावाची बुद्धिमान, वैद्यकीय शिक्षणाकडे ओढा असलेली आणि ईश्वर न मानणारी तरुणी होती. तिची शरीरयष्टी इतकी कृश होती की ती पोटभर जेवते की नाही अशी शंका सोबतच्या मुलींनी घेतली. दुसरीकडे रॉबिनच्या स्थूलतेची चर्चा. एकाच जेवणाच्या टेबलावर एकीच्या ताटात कमी आहे म्हणून बोलणे आणि दुसरीच्या अंगावर जास्त आहे म्हणून बोलणे! रॉबिन आणि शॅनन एकत्र बायबल वाचत, एलिसला त्याचा वैताग येई. त्यांच्यात खटके उडत. निर्मात्यांना हे खटके हवेच होते, कारण दहा अनोळखी मुलींना एका छपराखाली ठेवण्यामागे केवळ खोल्यांचे भाडे वाचवणे हा उद्देश नसतो.

आता पॅरिसकडे वळावे. रॉबिन, शॅनन, एलिस आणि एड्रियान अशा चौघी तेथे पोहोचल्या. एलिस व एड्रियान यांनी छायाचित्र दिले. त्यांच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही, होकार देण्याचा अधिकार त्यांचाच होता आणि विवस्त्र देहाचे चित्रण हे युरोपीय कलेला नवे नाही. रॉबिन व शॅनन या दोघी ठाम राहिल्या. पंधरवड्यापूर्वीपर्यंत ज्यांची प्रार्थना हा घरातल्या थट्टेचा विषय होता, त्यांच्या प्रार्थनेचा अर्थ त्या दिवशी सर्वांना कळला असावा.

नकाराच्या विरोधात जो युक्तिवाद करता येतो तो हलका लेखू नये. मॉडेल हा व्यवसाय आहे आणि व्यावसायिकाने ग्राहकाच्या कल्पनेला आकार द्यायचा असतो. ज्याला पाण्याची भीती आहे त्याने नावाडी होऊ नये, असे कोणी म्हणेल. पण खऱ्या व्यवसायातली मॉडेल आणि या स्पर्धेतली मॉडेल यांच्या स्थितीत एक मूलभूत अंतर आहे. व्यवसायात काम स्वीकारण्यापूर्वी ते कोणते हे मॉडेलला कळवले जाते. तिच्या बाजूने बोलणारा प्रतिनिधी असतो. विवस्त्र छायाचित्रण करणार नाही, असे ती आधीच नोंदवून ठेवू शकते आणि तशा अटीवर काम करणाऱ्या मॉडेल आहेत. एक काम नाकारले तर दुसरे मिळण्याची वाट मोकळी राहते, आणि त्या नकाराचा तमाशा देशभर दाखवला जात नाही. स्पर्धकाजवळ यांतले काही नव्हते. घर दूर, देश परका, सल्ला देणारे कोणी नाही, काम ऐनवेळी पुढे ठेवलेले, आणि नकार देताना चेहऱ्यावर जे उमटेल तेही कार्यक्रमाच्या मालकीचे. अशा अवस्थेतल्या होकाराला पूर्ण संमती म्हणायचे का, हा या सबंध पर्वातला कळीचा मुद्दा आहे. त्या दोघींचा नकार उठून दिसतो तो याच कारणाने. तो देणे सोपे होते म्हणून नव्हे.

त्या भागाच्या अखेरीस रॉबिन स्पर्धेबाहेर गेली. शॅनन राहिली. नकार दोघींचा, कारण एकच, पण निकाल वेगवेगळे. सरळसोट बोधकथा शोधणाऱ्याची इथे पंचाईत होते. शीलरक्षणासाठी शिक्षा झाली म्हणावे तर शॅनन अंतिम फेरीत पोहोचली, आणि शिक्षा झालीच नाही म्हणावे तर रॉबिन सामान बांधून निघालेली दिसते. १८ वर्षांची, सडपातळ, गोरी शॅनन बाजाराच्या साच्यात बसत होती. वयाने मोठी, कृष्णवर्णीय, भरल्या अंगाची रॉबिन बसत नव्हती. जिची बाजाराला गरज अधिक तिचा नकार पचवला जातो, असा अर्थ कोणी काढला तर तो खोडून काढणे कठीण आहे. परीक्षकांच्या मनात काय होते हे अर्थात परीक्षकच जाणोत.

आणि जे दिसले ते तरी कितपत जसेच्या तसे होते? अशा कार्यक्रमांना वास्तवदर्शी म्हणण्याची पद्धत आहे. दिवसचे दिवस चालणाऱ्या चित्रणातून पाऊण तासाहून कमी लांबीचा भाग कापून काढायचा, तर कोणते वाक्य ठेवायचे आणि कोणाच्या वाक्यानंतर कोणाचा चेहरा दाखवायचा हे कोणीतरी ठरवावेच लागते. हे ठरवणारे लोक कोण, ते जगाला २००६ साली कळले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये याच मालिकेतील कथाबांधणी करणाऱ्या १२ जणांनी संप पुकारला. अमेरिकेतील लेखक संघटनेच्या कराराखाली येण्याची त्यांची मागणी होती, म्हणजे आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन हवे होते. जो कार्यक्रम लेखकाविना घडतो असे प्रेक्षक समजत होते, त्याचेच लेखक लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर फलक घेऊन उभे राहिले! त्यांना यश आले नाही. मालिका त्यांच्याविना पुढे गेली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नव्याने निघालेल्या सीडब्ल्यू वाहिनीवर सातवे पर्व थाटात सुरू झाले. मुलींच्या होकाराला जसा भाव नव्हता, तसा पडद्यामागच्यांच्या घामालाही नव्हता.

१५ जुलै २००३ रोजी अंतिम भाग प्रसारित झाला. शॅनन आणि एड्रियान समोरासमोर होत्या आणि एड्रियान विजयी झाली. वाढपिणीची टॉप मॉडेल झाली, वृत्तपत्रांना याहून गोड मथळा कुठला! परंतु पुढे एड्रियानने जाहीर मुलाखतींतून वारंवार सांगितले की रेव्हलॉनच्या कराराची जी मोठी रक्कम मिळेल असे आपल्या मनावर बिंबवले गेले होते, ती मिळाली नाही, हाती आले ते फारच थोडे. तिची पुढची ओळख फॅशनच्या मंचावर घडण्याऐवजी आणखी एका वास्तवदर्शी कार्यक्रमात घडली. २००५ साली ती ‘द सरिअल लाइफ’मध्ये दिसली, तेथे जुळलेल्या नात्यातून विवाह झाला आणि त्या संसाराचाही कार्यक्रम झाला. संसार टिकला नाही. ज्या कॅमेऱ्यासमोर ती प्रथम उभी राहिली तो तिच्या घरातून बराच काळ बाहेर पडलाच नाही, असे म्हणता येईल.

मालिका मात्र फोफावली. २०१८ पर्यंत तिची २४ पर्वे झाली. ब्रिटन, जर्मनीपासून अनेक देशांनी तिचा साचा विकत घेतला. भारतातही २०१५ साली एमटीव्हीवर ‘इंडियाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ आले. या साऱ्या पर्वांत काही चांगलेही घडले हे नोंदवले पाहिजे. २००८ साली दहाव्या पर्वात व्हिटनी थॉम्पसन ही भरल्या अंगाची तरुणी विजेती ठरली, तर २०१५ साली बाविसाव्या पर्वात नाइल डिमार्को हा कर्णबधिर युवक. रॉबिनला पाच वर्षे आधी जे मिळाले नाही ते व्हिटनीला मिळाले.

शॅनन २०११ साली जुन्या स्पर्धकांच्या विशेष पर्वासाठी पुन्हा त्याच मंचावर आली. ती विजेती झाली नाही. आणखी नऊ वर्षांनी, २०२० च्या मे महिन्यात, जुन्या भागांतील तुकडे लोकांनी पुन्हा बाहेर काढले आणि संताप व्यक्त होऊ लागला. तेव्हा टायरा बँक्स यांनी सार्वजनिकरीत्या मान्य केले की मागे वळून पाहता त्यांतले काही निर्णय खरोखरच चुकीचे होते. त्या मोजक्या ओळींत कोणत्याही प्रसंगाचे नाव नव्हते, आणि कोणत्याही मुलीचेही नाही.