हृदयाची नवी झडप : आयुष्य किती, निगा कशी?



तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कामगाराला व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. नळीतील द्रव एकाच दिशेने जावा, मागे फिरू नये, यासाठी व्हॉल्व्ह असतो. तो गळू लागेपर्यंत कोणी वाट पाहत नाही. ठरलेल्या मुदतीला तो तपासला जातो आणि झिजला असल्यास बदलला जातो. १९६९ मध्ये तारापूर येथे देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तेव्हापासून बोईसर-तारापूर परिसराला ही शिस्त परिचयाची आहे. मानवी हृदयातही अशाच चार झडपा असतात. जन्मजात हृदयविकार असलेल्या बालकाची एखादी झडप शस्त्रक्रियेने बदलावी लागली, तर त्या नव्या झडपेलाही मुदत असते. ही मुदत किती, ती बालकांमध्ये कमी का आणि ती संपण्यापूर्वी काय करावयाचे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

झडप केव्हा लागते?

दर हजार नवजात बालकांपैकी सुमारे आठ ते नऊ बालकांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो, असे जगभरातील पाहण्यांवरून दिसून आले आहे. हृदयाच्या पडद्याला छिद्र असणे हा त्यांतील नेहमी आढळणारा दोष होय. यांतील अनेक छिद्रे आपोआप बुजतात. काही शस्त्रक्रियेने किंवा शिरेतून आत नेलेल्या साधनाने बंद करता येतात. तेथे सहसा नव्या झडपेचा प्रश्न येत नाही. म्हणून ‘हृदयाला भोक आहे’ एवढे ऐकताच पालकांनी धीर सोडण्याचे कारण नाही.

काही दोष मात्र अधिक गुंतागुंतीचे असतात. ओठ व नखे निळसर दिसणे, रडताना बाळ काळेनिळे पडणे, खेळता खेळता मुलाने दम लागून उकिडवे बसणे, ही ‘फॅलोची चतुर्विकृती’ या दोषाची लक्षणे असू शकतात. फ्रेंच वैद्य आर्थर फॅलो यांनी १८८८ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि अमेरिकेत डॉ. लिलेहाय यांनी १९५४ मध्ये त्याची पहिली संपूर्ण दुरुस्ती केली. या शस्त्रक्रियेत फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करावी लागते. ती करताना तेथील झडप अनेकदा निकामी होते. मूल गुलाबी होते, धावू लागते, शाळेत जाऊ लागते. परंतु फुफ्फुसाकडे गेलेले काही रक्त प्रत्येक ठोक्याला मागे येत राहते. हा जादा भार वाहून हृदयाचा उजवा कप्पा हळूहळू फुगतो आणि किशोरवयात किंवा तारुण्यात तेथे नवी झडप बसविण्याची वेळ येते. काही बालकांमध्ये हृदयापासून फुफ्फुसाकडे जाणारी वाट बंदच असते. अशा वेळी झडप असलेली नळीच जोडावी लागते.

दोन प्रकारच्या झडपा

कृत्रिम झडपा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली यांत्रिक झडप. अमेरिकेत १९६० मध्ये स्टार व एडवर्ड्‌स यांची झडप यशस्वीपणे वापरली गेली. भारतात डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने स्वदेशी झडप तयार केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णास बसविण्यात आली. यांत्रिक झडप टिकाऊ असते. परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि तिची मात्रा योग्य आहे की नाही, हे रक्त तपासून वारंवार पाहावे लागते. मात्रा कमी पडली तर झडप अडकण्याचे भय, जास्त झाली तर रक्तस्रावाचे. मुलगी मोठी होऊन माता होऊ पाहते, तेव्हा याच गोळीमुळे गर्भाला व तिला स्वतःला धोका संभवतो. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरील कुटुंबाला अशी तपासणी वेळच्या वेळी करून घेणे किती कठीण आहे, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी जैविक झडप. ही डुकराच्या हृदयातील झडपेपासून किंवा गोवंशीय प्राण्याच्या हृदयावरील आवरणापासून तयार करतात. पॅरिस येथे १९६५ मध्ये डुकराची झडप प्रथम मानवी हृदयात बसविण्यात आली. प्रारंभीच्या झडपा लवकर निकामी होत. त्यानंतर डॉ. आलँ कार्पांतिये यांनी ग्लुटारअल्डिहाइड या रसायनाचा उपयोग सुरू केला. कातडे कमावल्यावर जसे ते कुजत नाही, तसे या रसायनाने ऊतकातील तंतू एकमेकांशी घट्ट बांधले जातात आणि शरीराकडून होणारा विरोधही कमी होतो. जैविक झडपेचा मोठा लाभ असा की, सर्वसाधारणपणे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचे आयुष्यभराचे बंधन राहत नाही.

प्राण्याच्या ऊतकाविषयी काही कुटुंबांच्या मनात धार्मिक वा भावनिक संकोच असतो. झडप कोणत्या प्राण्यापासून केली आहे आणि तिला पर्याय कोणते, हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारण्याचा कुटुंबास पूर्ण अधिकार आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बालकांमध्येच ती लवकर का झिजते?

जैविक झडपेचे वैगुण्य तिच्या आयुष्यात आहे. साठी ओलांडलेल्या रुग्णाच्या हृदयात अशी झडप पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ काम देऊ शकते. बालकांमध्ये तेवढी खात्री देता येत नाही. हृदयाच्या डाव्या बाजूस, जेथे रक्ताचा दाब मोठा असतो, तेथे लहान मुलाची जैविक झडप काही वर्षांतच निकामी होऊ शकते. फुफ्फुसाकडील बाजूस दाब कमी असल्याने ती अधिक टिकते. किशोरवयात बसविलेली झडप तेथे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तान्ह्या बाळाला जोडलेली नळी मात्र त्या मानाने लवकर बदलावी लागते.

याला तीन कारणे आहेत. वाढत्या मुलाच्या शरीरात हाडे घडविण्यासाठी कॅल्शियमची उलाढाल जोरात चालू असते. तेच कॅल्शियम ऊतकावर साचून मऊ पापुद्रे ताठर होतात. दुसरे, लहान वयात शरीराची प्रतिकारशक्ती परक्या ऊतकाविरुद्ध अधिक तीव्रतेने काम करते. तिसरे कारण अगदी साधे आहे. मूल वाढते, झडप वाढत नाही. पाचव्या वर्षी बसविलेली झडप पंधराव्या वर्षी, ती शाबूत असली तरी, अपुरी पडते. शिवाय मिनिटाला शंभर ठोके धरले तर मुलाचे हृदय वर्षात पाच कोटींहून अधिक वेळा धडधडते आणि तितक्याच वेळा झडप उघडते व मिटते.

हे वैगुण्य दूर करण्याचे प्रयत्न सतत चालू आहेत. कॅल्शियम साचू नये म्हणून ऊतकावर विशेष प्रक्रिया केल्या जातात. रुग्णाच्या स्वतःच्या हृदयावरणाचा तुकडा घेऊन झडपेचे पापुद्रे घडविण्याची पद्धतही काही ठिकाणी वापरली जाते. मोठा पल्ला गाठला गेला तो २००० मध्ये. त्या वर्षी पॅरिस येथे डॉ. फिलिप बॉनहोफर यांनी बारा वर्षांच्या एका मुलाच्या हृदयात, छाती न उघडता, शिरेतून नेलेली जैविक झडप बसविली. त्यामुळे झिजलेल्या जुन्या नळीच्या आत नवी झडप उघडता येऊ लागली. बोईसर, डहाणूच्या पुढे याच रेल्वेमार्गावर असलेल्या गुजरातमधील वापी येथे आज गोवंशीय हृदयावरणापासून शिरेतून बसविण्याच्या झडपा तयार होतात. तथापि ही झडपही ऊतकाचीच असते. तिलाही मुदत आहे आणि प्रत्येक रुग्णास ती बसविता येतेच असे नाही.

पालघरची जबाबदारी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथेच झाला, ही या परिसराला भूषणावह गोष्ट आहे. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. या कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. जन्मजात हृदयविकार हा तपासणीच्या यादीत आहे. पात्र बालकांच्या शस्त्रक्रियेसाठी या कार्यक्रमातून, तसेच महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून साहाय्य मिळते.

दोष शोधणे आणि शस्त्रक्रिया होणे, हे मोठे काम आहेच. पण जैविक झडपेच्या बाबतीत खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. मूल बरे दिसते, कुटुंबाला वाटते की संकट टळले आणि तपासणी सुटते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. बोईसरच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेला कामगार काम संपले की दुसरीकडे जातो. झडप मात्र त्या मुलाबरोबर जाते आणि कोठेही झिजतच राहते. ताठर झालेली झडप वेळीच आढळली तर ती बदलण्याचा बेत शांतपणे आखता येतो. हृदय थकल्यावर आढळली तर तीच शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते.

म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. शस्त्रक्रियेचे कागद आणि झडपेचा प्रकार, आकार व तारीख लिहिलेले कार्ड शिधापत्रिकेइतके जपावे आणि गाव सोडताना बरोबर न्यावे. मुलाला काही त्रास नसला तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेस हृदयाची इको तपासणी करून घ्यावी. दम लागणे, पायावर सूज, छातीत धडधड, चक्कर किंवा लवकर थकणे दिसल्यास तारखेची वाट पाहू नये. दात रोज स्वच्छ ठेवावेत. दात काढण्यापूर्वी झडपेची माहिती दंतवैद्यास अवश्य द्यावी, कारण तोंडातील जंतू रक्तावाटे झडपेवर जाऊन बसतात. कारण न समजणारा ताप अनेक दिवस राहिला, तर परस्पर प्रतिजैविके न घेता रक्त तपासून घ्यावे. मुलगी वयात आल्यावर, विवाह व मातृत्वाच्या आधी, हृदयतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि शिक्षक यांचे साहाय्य येथे मोलाचे आहे. आपल्या गावात, आपल्या वर्गात शस्त्रक्रिया झालेले मूल कोण आणि त्याची पुढची तपासणी केव्हा, एवढी नोंद त्यांनी ठेवली तरी पुष्कळ काम होईल. अशा मुलाला सर्वांपासून वेगळे बसवू नये. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तेवढे त्याला खेळू द्यावे. त्याच्या छातीवरील व्रण ही लपविण्याची गोष्ट नव्हे.

आयुष्यभर टिकेल आणि मुलाबरोबर वाढेल अशी झडप शास्त्रज्ञ शोधत आहेत. ती हाती येईपर्यंत आज उपलब्ध असलेल्या झडपेची मुदत ओळखणे आणि ती संपण्यापूर्वी मुलाला रुग्णालयाच्या दारी नेणे, हे काम पालक, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांनाच करावयाचे आहे. या कामात हयगय झाली नाही, तर आज अंगणवाडीत बसणारे मूल उद्या दुसरी, तिसरी झडप घेऊनही आपले शिक्षण, आपला संसार आणि आपले काम नेटाने पुढे नेऊ शकेल.