जुना माईक घ्या, जुना इंटरफेस जपून

चाकणहून एका श्रोत्याने विचारलंय, 'पगार बेताचा आहे, घरी रेकॉर्डिंग सुरू करायचंय. सेकंड हँड सामान घेऊ का?'

घ्या. पण सगळं नाही.

आधी माईक. डायनॅमिक माईकमध्ये असतं काय? चुंबक, तारेचं वेटोळं आणि पातळ पडदा. सॉफ्टवेअरच नाही, मग 'अपडेट संपलं' ही भानगडच नाही. शुअरचा एसएम५८ १९६६ साली आला, आजही स्टेजवर तोच दिसतो. आणि आपल्या भागाला असाच माईक लागतो. मी थेरगावात राहतो. खाली टेम्पो रिव्हर्स घेतोय, शेजारी कुणाचं तरी ड्रिल. तुमच्या चाकणला तर नाशिक हायवेचे कंटेनर! कंडेन्सर माईक हे सगळं इमानदारीने गोळा करतो. डायनॅमिक तोंडाजवळ धरला की तुमचा आवाज पुढे येतो, ट्रक मागे पडतो. फक्त एसएम५८चे डुप्लिकेट भरपूर फिरतात, बरं का. बिल आणि बॉक्स मागा, बोलून बघा, मगच पैसे द्या.

माईक फोनला जोडायला ऑडिओ इंटरफेस लागतो. तो जुना घेताना मात्र दहादा विचार करा. कंपनीने ड्रायव्हर देणं बंद केलं की चांगला चालणारा डबाही नव्या लॅपटॉपवर मुका होतो. फायरवायरवाला तर फुकट मिळाला तरी नको, ती खाचच आता नव्या लॅपटॉपला नसते. 'क्लास कम्प्लायंट' आहे का, म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालतो का, एवढं विचारा. असेल तर ओटीजीने आपल्याच फोनला लावा आणि विकणाऱ्यासमोर दहा मिनिटं रेकॉर्ड करा.

राहिला कॅसेट डेक. रील्समध्ये टेपच्या आवाजाचं फार कौतुक चाललंय. टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ १९७९ मध्ये आला, तेव्हा घरात कॅसेटवर चार ट्रॅक म्हणजे चैन होती. आज फोनमधलं फुकट ॲप त्याहून जास्त ट्रॅक देतं. नवीन रेकॉर्डिंगसाठी डेकवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत.

पण घरात जुन्या कॅसेट असतील तर डेक जरूर बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ रेकॉर्ड केलेल्या आहेत, काही तर आपल्या शेजारच्या मुळशीतल्या. म्हणून आज त्या 'परी'च्या वेबसाइटवर मूळ आवाजात ऐकता येतात. तुमच्या आजीचा आवाज मात्र तुमच्याच माळ्यावर पडलाय, आणि टेप काही कायम टिकत नाही.

डेक घेताना गाणं लावून बघा. सूर लहरत असेल तर बहुतेक रबरी बेल्ट सैल झालाय. तपकीर गल्लीत विचारा, बदलता येतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग डेकच्या लाइन आउटमधून वायर इंटरफेसला. कॅसेट खूप जुनी असेल तर ती एकदाच वाजणार आहे असं समजा: आधी फोनवर रेकॉर्ड दाबा, मग डेकवर प्ले.