त्वचेचा रंग कोणता?



अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या फिकट गुलाबी मेणखडूचे नाव १९६२ पर्यंत ‘फ्लेश’, म्हणजे त्वचा, असे होते. नंतर ते ‘पीच’ झाले. कृष्णवर्णीय बालकाने तो खडू हाती घेऊन काय समजावे? गौरवर्णीय विदुषी पेगी मॅकिन्टॉश यांनी १९८८ साली स्वतःला न मागता लाभलेल्या सवलतींची यादी केली. जखमेवरची पट्टी आपल्याच वर्णाची मिळणे, ही त्यांतील एक.

आपल्या कापडबाजारातही ‘स्किन कलर’ म्हटले की फिकट बदामी तागाच उलगडतो. सावळी लेक मुकाट्याने पाहत राहते.

विद्यार्थ्यांनो, परदेशी कोणी वर्णावरून तुमची पारख करील, तेव्हा दुःख होईलच. परंतु येथे आपणांस न मागता काय लाभले, याचीही यादी अवश्य करावी.