मतदारांचा कौल

अमेरिकेंत राज्याचा गव्हर्नर लोक निवडतात. म्हणून त्याच्या कारभाराविषयीं व अंदाजपत्रकाविषयीं मतदारांस विचारण्याची तेथें चाल आहे. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपति करतात. नेरूळकरास जवळचें अंदाजपत्रक नवी मुंबई महापालिकेचें; आणि मे २०२० मध्यें सभागृहाची मुदत संपल्यावर कित्येक वर्षें तें प्रशासकानेंच मंजूर केलें.

अशा वेळीं लोकमताची चांचणी उपयोगी खरी. पण १९३६ सालीं ‘लिटररी डायजेस्ट’नें वीस लाखांहून अधिक उत्तरें जमवूनहि रूझवेल्टच्या पराभवाचें भाकीत केलें व तें फसलें, मतपत्रिका बहुतांशीं मोटार व टेलिफोन बाळगणाऱ्यांस धाडिल्या होत्या. पाम बीच मार्गावरील सदनिकांतच विचारून सारसोळे-कुकशेतचें मत कसें कळावें? आणि सर्वांस विचारलें, तरी चांचणीनें मत तेवढें कळतें. जाब घेण्यास निवडणूकच हवी.