हिंडहेडचा बोगदा आणि पुसलेला रस्ता

लंडन ते पोर्ट्समथ हा ए-३ रस्ता दक्षिण इंग्लंडमधील जुन्या महामार्गांपैकी एक. सरे परगण्यात हिंडहेडजवळ तो डेव्हिल्स पंच बोल या खोलगट दरीच्या काठाने वळसा घेत जाई. बाकी मार्गावर जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांसाठी दुभाजकासह स्वतंत्र रस्ते झाले होते. इथे मात्र दुभाजक नव्हता आणि गावाच्या चौकात सिग्नल होता. परिणामी वाहनांच्या रांगा ठरलेल्या.

जुलै २०११ मध्ये टेकडीखालून सुमारे १.८ किलोमीटर लांबीचा जोडबोगदा खुला झाला. पुढचे काम अधिक लक्षणीय होते. दरीकाठचा जुना रस्ता उखडून, त्यावर माती पसरून तो भाग पुन्हा माळरानाला जोडण्यात आला. महामार्ग बांधणे नेहमीचेच, पण तो मिटवणे विरळा!

‘ए-३’ हा क्रमांकही बोगद्यातून जाणाऱ्या नव्या मार्गाकडे गेला. असे क्रमांक फलकांवर ठरलेल्या पद्धतीने दाखवले जातात: ब्रिटनमध्ये प्रमुख मार्गांच्या फलकांची पाटी हिरवी, अक्षरे पांढरी आणि क्रमांक पिवळे असतात; स्थानिक रस्त्यांना पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे. कंसातला क्रमांक म्हणजे तो रस्ता पुढे लागणार आहे. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी आखलेली ही पद्धत १९६५ पासून लागू आहे. अंतरे मात्र अजूनही मैलांतच.