गाणं चार माणसांत ठेवा
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)

 

मी काही वक्ता नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमपुढे उभं राहून माझी हयात गेली. शाळा सातवीला सुटली. पुढं जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर, याच विहाराच्या कपाटातली पुस्तकं घरी नेऊन. समितीची मंडळी म्हणाली, "दादा, यंदा तुम्ही गाण्याच्या बैठकीवर बोला." म्हणून उभा राहिलो. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. तसं तर चुकलेलं सांगायचं कसं आणि ऐकायचं कसं, हाच माझा आजचा विषय आहे.

बंधू-भगिनींनो, आपलं गाणं कुणा उस्तादाच्या घराण्यातून आलेलं नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढं त्या विचारांचे जलसे निघाले. बाज तमाशाचा, ढोलकी तीच, पण आतला मजकूर समाजजागृतीचा. त्याच वाटेनं आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव फिरले. कर्डकांनी या जलशांवर पुढं पुस्तकही लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे. जलसा हे एकट्याचं काम नव्हे. लिहिणारा, ढोलकीवाला, झिलकरी, सोंगाड्या, सगळ्यांनी मिळून तो बसवायचा.

लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १९२२ चा. तरुणपणी मुंबईत आल्यावर ते अक्षरं शिकले आणि १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं लिहिलं. २००४ साली ते गेले, तोवर हजारो गाणी लिहून, गाऊन गेले. अण्णा भाऊ साठ्यांनी गिरणीत काम केलं आणि शाहिरीही केली. ही मोठी माणसं. आपण त्यांच्या पायाशी बसणारी. पण त्यांच्यामुळं एक गोष्ट सिद्ध झाली, की गाणं रचायला डिग्री लागत नाही.

मग काय लागतं? माझ्या अनुभवानं सांगतो, ऐकणारी आणि खरं सांगणारी चार माणसं लागतात.

आमची बैठक वीस-बावीस वर्षांपूर्वी सुरू झाली. आम्ही सगळे कारखान्यांतले, शेतावरचे, एक जण एसटीतले, एक मास्तर. कुणी व्यावसायिक गायक नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी खोलीवर जमायचं. एक पेटी, एक ढोलकी, आणि ढोलकी नसेल त्या दिवशी पत्र्याचा डबा. ज्यानं नवं गाणं रचलं असेल त्यानं ते दोनदा म्हणायचं. पहिल्यांदा कुणी मधे बोलायचं नाही. दुसऱ्यांदा सगळ्यांनी ध्रुवपदाला साथ द्यायची. साथ देताना जिथं चार जणांची जीभ अडखळते तिथं शब्द बसलेला नाही, हे न सांगता कळतं. केहरव्याच्या आठ मात्रा, दादऱ्याच्या सहा. त्यात दहा मात्रांचं वाक्य कोंबलं की गाणाऱ्याचा दम जातो आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही.

मग सूचना. तिथं मी आयुष्यातला मोठा धडा शिकलो. एक वर्षी १ जानेवारीसाठी मी गाणं रचलं होतं. मला वाटलं, आता काय, पोरं मला खांद्यावर घेतील. त्यातली एक ओळ अशी होती :

"कोरेगावच्या मातीवर स्तंभ उभा हा ताठ"

मी थांबलो. मास्तर म्हणाले, "दादा, चाल झकास आहे. पण स्तंभ कोरेगावच्या मातीवर नाही." मी चमकलोच. इथं जन्म गेला आणि हे मला सांगतात! मास्तर शांतपणे म्हणाले, "लढाई कोरेगावात झाली. स्तंभ नदीच्या पल्याड, पेरण्याच्या हद्दीत, हवेली तालुक्यात. आपण पूल ओलांडून तिकडं जातो की नाही?" सगळे हसले. मला राग आला. पण रोज ज्या पुलावरून जातो तो पूलच मी गाण्यात विसरलो होतो, हे खरं होतं.

पुढच्या कडव्यात मी लिहिलं होतं, पाचशेचे पाचशे आपलेच होते. त्यावर आमचे एसटीतले काका बोलले. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईत कंपनीच्या पलटणीत आपले महार शिपाई मोठ्या संख्येनं होते, पण इतर जातिधर्मांचेही शिपाई होते. स्तंभावर पडलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यातली २२ नावं 'नाक' या अक्षरांनी संपतात. ती आपल्या पूर्वजांची. काका म्हणाले, "ही २२ नावं दगडात कोरलेली आहेत. ती कुणाला पुसता येत नाहीत. पाचशेचा आकडा उद्या कुणी पुस्तक उघडून खोडला, तर तुझ्या पोराला मान खाली घालावी लागेल. जे खरं आहे ते एवढं मोठं आहे, त्याला फुगवतोस कशाला?"

बंधूंनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पहिल्या पाळीला मशीन चालू असताना ओळ सुचली :

"भीमेच्या या काठावर स्तंभ उभा हा ताठ"

काठ पेरण्यालाही आहे, कोरेगावलाही आहे. ओळ खरी झाली आणि म्हणायलाही सोपी झाली. पाचशेचं कडवं काढून २२ नावांचं कडवं घातलं. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी अभिवादनाला आले होते, तेही त्यात घेतलं. आज आमच्या बैठकीतलं ते गाणं पोरं म्हणतात. नाव माझं आहे, पण त्यात मास्तर आणि काका दोघंही आहेत.

दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही मन जड होतं. १ जानेवारी २०१८ ला इथं काय झालं ते तुम्ही पाहिलं, सोसलं. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर महिनाभरानं आपल्याच वस्तीतला एक मुलगा गाणं घेऊन आला. आग होती त्या गाण्यात, आणि राग खोटा नव्हता. पण एका कडव्यात त्यानं सगळ्या गावालाच शिवी घातली होती. कुणी बोलेना. शेवटी कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी आत्या म्हणाली, "बाळा, त्या रात्री माझ्या नातवाला ज्या घरानं आत घेतलं, ते घरबी त्याच गावात हाय. त्याला कुठं ठेवू?"

पोरगा उठून गेला. आम्हाला वाटलं, आता हा परत येत नाही. पंधरा दिवसांनी आला. शिवीचं कडवं काढलं होतं. त्या जागी न्याय मागणारं कडवं होतं, आणि एक ओळ त्या उघडलेल्या दारावर होती. गाणं मऊ झालं नव्हतं, बरं का. उलट जास्त लागत होतं, कारण आता त्याला कुणी खोटं म्हणू शकत नव्हतं.

आपल्या धम्मात याला आधार आहे. सुत्तनिपातात सुभाषित सुत्त आहे. तथागत सांगतात, वाणी चांगली कधी? ती नीट बोललेली असावी, धम्माला धरून असावी, प्रिय असावी आणि सत्य असावी. हे ऐकल्यावर त्याच ठिकाणी वंगीस नावाचे थेर उठतात आणि म्हणतात, मला काही सुचतं आहे. तथागत त्यांना परवानगी देतात आणि ते तिथंच गाथा म्हणतात. म्हणजे संघासमोर रचना ठेवायची रीत अडीच हजार वर्षांची आहे. हेच वंगीस मोठे कवी होते. एकदा आपल्या प्रतिभेच्या तोऱ्यात ते इतर सज्जन भिक्खूंना कमी लेखू लागले. मग त्यांनाच पश्चात्ताप झाला आणि त्यांनी स्वतःला समज देणाऱ्या गाथा रचल्या. कवीचा अहंकार तेव्हाही होता, आजही आहे. फरक एवढाच, की वंगिसांनी तो ओळखला.

मी तो वेळेवर ओळखला नाही. ही तिसरी गोष्ट मी आजपर्यंत चार माणसांत सांगितलेली नाही.

बैठकीला सुरुवातीच्या वर्षांत एक ताई यायच्या. खुरपणीला जायच्या, लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावरच्या ओवीच्या चालीत रमाईवर रचायच्या. एकदा त्यांनी म्हणून दाखवलं आणि मी, चार पुस्तकं वाचलेला शहाणा, सगळ्यांदेखत म्हणालो, "ताई, ही ओवी झाली, गाणं नव्हे. याला ना ठेका ना अंतरा." दोघं-तिघं हसले. ताई काही बोलल्या नाहीत. पदर सावरला आणि बसून राहिल्या. त्यानंतर त्या बैठकीला आल्या, पण त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. पुढं त्या वारल्या.

नंतर माझ्या वाचनात आलं, की पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या आपल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. मोठी विद्वान माणसं ज्या ओवीसाठी गावोगाव हिंडली, ती माझ्या पुढ्यात बसली होती आणि मी तिला गप्प केली. ताईंच्या रचनेतला एक शब्दही आज कुणापाशी नाही. मीही आठवून पाहतो. त्यांचा आवाज आठवतो, शब्द आठवत नाहीत.

मास्तरांनी माझी चूक सांगितली तेव्हा आधी "चाल झकास आहे" म्हणाले आणि मग एकच दोष दाखवला. तो दोष मला सुधारता येण्यासारखा होता. मी ताईंना सुधारायला काही दिलंच नाही, त्यांची जातकुळीच नाकारली. आम्ही रिंग फ्रेमवर तुटलेला धागा जोडतो. धागा तुटला म्हणून कुणी बॉबीन फेकून देत नाही. गिरणीत तीस वर्षं जे हातानं केलं, ते मला जिभेनं जमलं नाही.

आता पोरं मोबाईलवर गाणं टाकतात. चांगलं आहे. त्याच्याखाली शंभर अंगठे येतात. अहो, बाबासाहेबांनी आपला अंगठा सोडवून हातात लेखणी दिली, आणि आपण परत अंगठ्यावर आलो! अंगठ्यानं कळत नाही की दुसरं कडवं का पडलं, यमक कुठं ओढून आणलं, आकडा कुठं चुकला. त्यासाठी समोर बसावं लागतं.

तेव्हा विहार समितीला माझी नम्र विनंती आहे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर एक तास गाण्यासाठी ठेवा. नियम थोडेच. गाणं पुरं ऐकायचं. आधी काय आवडलं ते सांगायचं, मग काय खटकलं ते, आणि ते माणसाबद्दल नव्हे, ओळीबद्दल. रचणाऱ्यानं त्या रात्री उत्तर द्यायचं नाही, घरी जाऊन विचार करायचा. पटलं तर बदलायचं, नाही पटलं तर तसंच ठेवायचं, कारण गाणं शेवटी त्याचं आहे. इतिहासाची गोष्ट असेल तर कपाटातलं पुस्तक काढून बघायचं. शेवटच्या कडव्यात ज्याची नाममुद्रा आहे ती कुणी बदलायची नाही. आणि एक वही विहारात ठेवायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शाळेतल्या पोरींनी उतरून घ्यायचं. ओवी असो, पाळणा असो, पोवाडा असो, काही नाकारायचं नाही.

महिला मंडळाच्या भगिनींना माझं खास सांगणं आहे. तुमच्यात अशा ताई अजून आहेत. त्यांना हाताला धरून आणा. त्या वहीचं पहिलं पान मी कोरं ठेवायला सांगणार आहे. ते कुणाचं, हे आता तुम्हाला कळलं असेल.