गादीतला कापूस काढल्यावर

(रेडिओवरील भाषण)



मध्यंतरी कराडकडच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय ४८. रोजचं चालणं, संध्याकाळी सातलाच जेवण, असं करत दीड वर्षात त्यांनी २२ किलो वजन उतरवलं होतं. पेढे वाटावेत अशी गोष्ट. पण त्यांनी पदराखालचं पोट चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, चरबी गेली, पण ही पिशवी उरली. मशीनने होईल ना? कापाकापी नको."

वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात मिळू लागली, तेव्हापासून हा प्रश्न वारंवार कानावर येतो.

आधी कातडी सैल का पडते ते पाहू. कापसाच्या गादीला पिंजारी जागोजाग टाके घालायचा, आठवतंय? खोळ आणि कापूस त्या टाक्यांनी एकत्र धरलेला असायचा. आपल्या चरबीतूनही असेच चिवट तंतू आरपार गेलेले असतात आणि ते कातडीला खाली बांधून ठेवतात. चरबी वाढली की तंतू ताणतात, वरची खोळही ताणते. मग कापूस काढून घेतला की टाके ढिले आणि खोळ मोठी. तरुण कातडी बरीचशी मागे येते, कारण तिच्यात इलॅस्टिन शाबूत असतं. हे इलॅस्टिन शरीर मुख्यतः जन्माआधी आणि लहानपणी तयार करतं. पुढे त्यात फारशी भर पडत नाही. बाळंतपणं, ऊन, सिगारेट, वय यांनी ते झिजत जातं. पोटावर पांढुरक्या रेघा असतील तर तिथे कातडीचा आतला थरच विरलेला असतो. विरलेलं लुगडं इस्त्रीने नवं होत नाही.

मशीन काय करतं? तापवतं. मटणाचा तुकडा शिजताना आखडतो ना, तसंच. कातडीतलं आणि त्या टाक्यांतलं कोलॅजन साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला आखडतं. सगळी कसरत एवढीच, की आत ही धग पोचवायची आणि वरची कातडी भाजू द्यायची नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उपचारात चरबी ओढून काढताना त्याच बारीक छिद्रातून एक सळई आत सरकवतात आणि दुसरं टोक कातडीवरून फिरवतात. वरचं तापमान ४० अंशांच्या आसपास ठेवतात. (गंमत म्हणजे, मी आत्ता तुमच्यापर्यंत पोचतेय ती ज्या लहरींवर, त्यांच्याच घराण्यातल्या या लहरी.) हेलियम वायूचा प्लाझ्मा वापरणारं तंत्रही आहे. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या तंत्राच्या एका उपकरणाबाबत, ते सौंदर्यासाठी कातडीवर वापरू नये, असा इशारा दिला होता. भाजणं, जंतुसंसर्ग, कातडीखाली वायू साठणं अशा तक्रारी आल्या होत्या. पुढे त्याच वर्षी मानेची सैल कातडी आणि अशा काही ठरावीक वापरांना परवानगी मिळाली. म्हणजे तंत्र वाईट नाही, पण घरगुतीही नाही.

आखडलेलं कोलॅजन हा झाला पहिला हप्ता. दुसरा सावकाश येतो. जखम भरावी तसं नवं कोलॅजन तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त काळ तयार होत राहतं. तोवर पट्टा बांधायचा, सूज उतरू द्यायची आणि रोज आरशासमोर उभं राहायचं नाही. हे शेवटचं कुणी ऐकत नाही.

हनुवटीखाली, दंडाला, पोटावर थोडा सैलपणा असेल, कातडी जाड आणि वजन स्थिर असेल, तर मशीनने फरक दिसतो. मी स्वतः ते वापरते. पण कातडी आखडते म्हणजे कमी होते, नाहीशी होत नाही. निऱ्यांवर लोंबणारी घडी मशीनने जात नाही. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतील तर ते कुठल्याही लहरीने जवळ येत नाहीत, त्यांना टाकेच लागतात. आणि ३०-४० किलो उतरलेल्या माणसाला 'बिनटाक्याचं पॅकेज' विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पैसे जातात, वर्ष जातं आणि शेवटी शस्त्रक्रिया टळत नाहीच. उलट तापवलेले थर आत चिकटून बसल्याने ती अवघड होते.

जाहिरातीतले फोटोही नीट पाहा. माणूस ताठ उभा असतो. ताठ उभं राहिलं की बऱ्याच जणांचं पोट सपाट दिसतं.

म्हणून मी त्या बाईंना म्हटलं, "बाई, जरा पुढे वाका आणि बाजूच्या आरशात बघा." त्या वाकल्या. कातडीची झोळी खाली लोंबली. क्षणभर कुणीच बोललं नाही. मग मी कागदावर रेघ काढून दाखवली: शस्त्रक्रियेचा व्रण इथून इथपर्यंत, कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तो पुसट होईल पण जाणार नाही, बेंबी नव्या जागी बसवावी लागेल, काही आठवडे जड उचलायचं नाही, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी चालायचं.

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "व्रण परकराच्या नाडीखाली राहील ना?"

"राहील."

"मग मे महिन्याच्या सुट्टीत बघू," म्हणाल्या आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.